झापड, ढापण की अंधारी?

शर्यतीच्या घोड्याला लावतात त्या ब्लिंकर्सना मराठीत काय म्हणावं? झापड, ढापण, अंधारी असे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात. अर्थ एकच का?

— अंधारी आधी बाजूला काढा. तिच्यात डोळा पुरता झाकला जातो. स्टार्टिंग गेटमध्ये, म्हणजे शर्यत जिथून सुटते त्या दारांच्या कप्प्यांत, शिरायला बिचकणाऱ्या घोड्याला डोळ्यांवर फडकं टाकून आत नेतात आणि दारं उघडायच्या आत ते ओढून काढतात. ती अंधारी. ते घालून कुठला घोडा पळणार!

ब्लिंकर्सचं काम निराळं. डोक्यावरून चढवायचा कापडी बुरखा असतो, डोळ्यांपाशी भोकं आणि प्रत्येक भोकाच्या मागच्या कडेला अर्ध्या वाटीसारखा उभा कप. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. थेट शेपटीमागचं आणि कपाळाला अगदी खेटून समोर असलेलं तेवढं सुटतं. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला हे हवंच. शर्यतीत मात्र शेजारी आलेला घोडा, कठड्यापलीकडची गर्दी, सगळ्यावर त्याचं लक्ष जातं. कप मागचं-बाजूचं तोडतो, पुढचं मोकळं ठेवतो. गाडीच्या घोड्याची कातडी ढापणंही हेच करतात, म्हणून माझं मत ढापणाला. (चष्मेवाल्या पोराला ‘ढापण्या’ म्हणतात ते वेगळं.)

— पण रूढ तर झापडच आहे ना? ‘झापडबंद विचार’ आपण रोज म्हणतो.

— म्हणतो, आणि तिथेच अडचण आहे. झापडबंद माणसाला पुढचंही धड दिसत नाही, असा त्यात टोमणा असतो. घोड्याला तर पुढचंच दिसावं म्हणून खटाटोप. अर्थात इंग्लंडातही ब्लिंकर्सना पूर्वी ‘बदमाशाचा बिल्ला’ म्हणून हिणवत. घोडा मन लावून पळत नाही, असा त्याचा अर्थ. सगळ्या घोड्यांना ब्लिंकर्स मानवतातही असं नाही. काही घोडे ती लावताच सुरुवातीलाच इतके सुसाट सुटतात की शेवटच्या टप्प्यात दम उरत नाही. काहींना शेजारी कोणी दिसलंच नाही तर ईर्षा वाटत नाही. त्यांच्यासाठी कपाला फट ठेवतात, त्या प्रकाराला व्हायजर म्हणतात. तिथल्या रेसकार्डात, म्हणजे शर्यतीतल्या घोड्यांच्या छापील यादीत, ब्लिंकर्सना ‘बी’ आणि व्हायजरला ‘व्ही’ अशी अक्षरं असतात.

— आणि नाकावर लोकरीची जाड वळकटी असते ती?

— ती शॅडो रोल. खालची नजर अडवते, म्हणजे घोडा जमिनीवरच्या सावल्यांना बुजून उडी मारत नाही. तिला झापडही नको आणि ढापणही नको, ‘नाकपट्टी’ चालेल. शर्यतीच्या बातमीत मी सरळ ‘ब्लिंकर्स’च लिहीन, वाचणाऱ्यांना तोच शब्द ठाऊक असतो. कथेत किंवा अनुवादात ढापणं. आणि लिंग विचाराल तर ते ढापण, ती ढापणं. डोळ्यांवर झोपेची येते ती झापड मात्र स्त्रीलिंगी.