फोर्टनाइट: मासिक सदस्यत्व की थेट व्ही-बक्स?

कोथरूडचे पालक: माझा 14 वर्षांचा मुलगा फोर्टनाइट या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या 'फोर्टनाइट क्रू' या मासिक सदस्यत्वासाठी आठ दिवस हटून बसला आहे. दिवाळीला एकदाच व्ही-बक्स (खेळातले चलन) घेऊन देणे मला बरे वाटते. हिशेबात काय बसते?

बिबवेवाडीकर: डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या क्रूमध्ये व्ही-बक्सबरोबर बॅटल पास (मोसमभर खेळून बक्षिसे मिळवण्याचा पास) आणि केवळ सदस्यांसाठीचे पोशाख मिळतात, त्यामुळे जो मुलगा प्रत्येक मोसमात पास घेणारच आहे आणि नियमित खेळून त्यातील बक्षिसे मिळवणार आहे, त्याला सदस्यत्व परवडते, परंतु सहामाही परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद असला तरी पैसे जातातच. सदस्यत्व रद्द केले तरी मिळालेले व्ही-बक्स आणि पोशाख खात्यात राहतात, तेव्हा एखादा महिना घेऊन पाहावा.

औंधकर: खरी अडचण आपोआप होणाऱ्या वजावटीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 24 तास आधी सूचना येते, मात्र 15,000 रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. असल्या सूचना न वाचल्यामुळे दुसऱ्या एका खेळासाठी माझे पाच महिने पैसे जात राहिले (आळस माझाच). थेट खरेदीतही एक मेख आहे: चलनाचे संच आणि वस्तूंच्या किमती जुळल्या नाहीत तर थोडी शिल्लक उरते आणि मुले पुढचा संच मागतात.

कोथरूडचे पालक: आभारी आहे. पहिली वजावट होताच सदस्यत्व रद्द करून ठेवतो. पुढचे सहामाहीनंतर पाहू.