सलग तीन पराभव, झिंगन बाहेर: एफसी गोवाने आता दुसऱ्या क्रमांकामागे धावावं का?

फातोर्डेकर (२६ फेब्रुवारी २०२४)

काल आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कोचीत मध्यंतराला आपण २-० पुढे होतो. सातव्या मिनिटाला रोलिन बोर्जेस, सतराव्या मिनिटाला मोहम्मद यासिर. सामना संपला तो ४-२ने केरळा ब्लास्टर्सच्या बाजूने. ५१व्या मिनिटाला साकाईची फ्री किक आत गेली आणि मग ८१, ८४, ८८. त्याआधी १४ तारखेला घरच्या फातोर्ड्यात मोहन बागानकडून ०-१, २१ला गुवाहाटीत नॉर्थईस्टकडून ०-२. पहिले बारा सामने अजिंक्य राहिलेला संघ बारा दिवसांत तीनदा हरला.

आता हिशेब. १५ सामने, २८ गुण, ७ सामने बाकी. गेल्या मोसमात सहाव्या आलेल्या ओडिशाचे २० सामन्यांत ३० गुण होते, म्हणजे सामन्यामागे दीड. त्या गतीने यंदाच्या २२ सामन्यांचे ३३ होतात. पहिल्या सहांत येऊन बाद फेरी गाठायला आपल्याला पाच गुण हवेत, ते मिळतील. दुसऱ्या आलेल्या हैदराबादचे ४२ होते, सामन्यामागे २.१. यंदा ४६ धरा. त्यासाठी २१पैकी १८ गुण लागतात, म्हणजे सातांपैकी सहा विजय. तेही बचावपटू संदेश झिंगन आशिया चषकात गुडघा दुखावून मोसमाबाहेर गेलेला आणि व्हिक्टर रॉड्रिगेझही नाही, अशा अवस्थेत.

म्हणून माझं मत असं की दुसऱ्या क्रमांकाचा नाद सोडावा. तिसरा किंवा चौथा क्रमांक पक्का केला की एकाच सामन्याची बाद फेरी फातोर्ड्यात होते, तेवढं साधावं. बुधवारी अंधेरीत मुंबई सिटीविरुद्ध नोआ, कार्लोस मार्टिनेझ आणि ब्रँडन यांना साठ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. गुवाहाटी, कोची, मुंबई, आठ दिवसांत तीन सामने आणि तिन्ही बाहेर. अशा वेळी हॅमस्ट्रिंग साधी ताणली गेली तर दोन-तीन आठवडे जातात, स्नायू खरोखर फाटला तर सहा-आठ. आणखी एक जण गेला तर बाद फेरीला संघच उरणार नाही.

रावणफोंड

दादा, आकडे बरोबर मांडलेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळते. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाला मध्ये एक जादा सामना, तोही बरोबरी झाली तर तीस मिनिटं जादा वेळ आणि पेनल्टी. ज्या संघात माणसं कमी आहेत त्यालाच तो सामना सगळ्यात महाग पडतो. दुखापती आहेत म्हणून दुसरा क्रमांक सोडा म्हणताय. मी म्हणतो दुखापती आहेत म्हणूनच तो हवा.

आणि गुण बरोबरीत राहिले तर काय, तेही पाहा. आयएसएलमध्ये आधी आपापसातल्या सामन्यांचे गुण बघतात, मग आपापसातला गोलफरक, एकूण गोलफरक त्यानंतर. मोहन बागानला २३ डिसेंबरला सॉल्ट लेकवर आपण ४-१ हरवलं होतं, त्यामुळे १४ तारखेचा ०-१ धरूनही दोन सामन्यांत ४-२ने आपण पुढे. त्यांच्याशी बरोबरी झाली तर वर आपण. केरळाशी मात्र फातोर्ड्यात १-० आणि काल २-४. एकूण ३-४. कालचा सामना ३-२वर थांबला असता तर ३-३ राहिलं असतं. चेर्निचचा ८८व्या मिनिटाचा गोल सामना गेल्यावरचा म्हणून कोणी मोजत नाही, पण केरळाशी गुण बरोबरीत राहिले तर वर राहायची संधी आपल्याकडून गेली ती त्याच गोलाने. म्हणून खेळाडूंना वाचवायचं ठरवलं तरी हरत्या सामन्याचे शेवटचे पाच मिनिटं सोडून देता येत नाहीत.

दुसरं, गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आठवा. मुंबईकडून ३-५, चेन्नईयिनकडून १-२, बेंगळुरूकडून १-३. शेवटचे तिन्ही हरलो, २७ गुणांवर थांबलो आणि सातवे आलो. वेग उतरलेला संघ हवा तेव्हा परत वेग पकडत नाही.

अंधेरी_लोकल

मी मुंबई सिटीच्या बाजूचा, हे आधीच सांगतो. पण दुखापतीचं कारण तुम्ही दोघंही फार सहज मान्य करताय असं वाटतं. काल समोर कोण होतं ते बघा. केरळाचा कर्णधार आद्रियान लुना डिसेंबरपासून बाहेर आहे. पेप्राही जायबंदी. लुनाच्या जागी जानेवारीत आणलेला लिथुआनियाचा चेर्निच, त्यानेच चौथा गोल मारला. म्हणजे जास्त जखमी संघाने कमी जखमी संघाला हरवलं. आमच्याकडेही प्रशिक्षक बकिंगहॅम नोव्हेंबरात ऑक्सफर्डला गेले, जानेवारीत ग्रेग स्टुअर्ट गेला. गाडी चालूच आहे.

तुमचं दुखणं आघाडी टिकवण्याचं आहे. पाच बदली खेळाडू मिळतात, पण सामना थांबवून ते उतरवायच्या संधी तीनच. मध्यंतरातला बदल त्या तीनांत धरत नाहीत. बाहेरच्या मैदानावर दोन गोलांची आघाडी असेल तर एक ताजा मिडफिल्डर मध्यंतरालाच यायला हवा, म्हणजे तीन संधी शिल्लक राहतात. दुसरा बदल गोल बसल्या बसल्या, ५५च्या आसपास. गोल खाल्लेला संघ नेमका त्या दहा मिनिटांत विस्कटतो. शेवटची संधी ७५ नंतरसाठी राखायची. ८१ला पेनल्टी आणि लगेच ८४ला पुढचा गोल, याचा अर्थ मधल्या तीन मिनिटांत संघ पुन्हा जागेवर आलाच नाही. अशा वेळी सेंटर किकनंतर चेंडू सरळ कोपऱ्यात लांब मारावा, थ्रो-इन घ्यावा, श्वास घ्यावा. त्याला झिंगनच हवा असं नाही.

बाकी बुधवारी तुम्ही अर्धा संघ बसवलात तर आम्हाला तीन गुण मिळतील, त्याबद्दल तक्रार नाही.

पेठेतला_हाफ

कोल्हापुरातून लिहितोय, इथं फुटबॉल बघणाऱ्याला संघातली जागांची गणितं पाठ असतात. लुना आणि झिंगन यांची तुलना बसत नाही, कारण एक परदेशी आहे आणि दुसरा भारतीय.

मैदानावर एका वेळी चार परदेशी. गोव्याकडे सहा: ओडेई ओनाइंडिया, कार्ल मॅकह्यू, पाउलो रेत्रे, जानेवारीत ईस्ट बंगालकडून उसना आणलेला बोर्हा हेरेरा, नोआ सदाउई आणि कार्लोस मार्टिनेझ. परदेशी खेळाडू गेला की बाजारातून दुसरा परदेशी आणता येतो. केरळाने तेच केलं, गोव्यानेही व्हिक्टरच्या जागी बोर्हा आणला. पण झिंगनच्या दर्जाचा भारतीय सेंटर बॅक जानेवारीत कुठून मिळणार? मोसमाच्या मध्यात असा खेळाडू कोणी सोडत नाही.

आता परिणाम बघा. झिंगन असताना ओडेई थकला तर त्याला काढून पुढे पाचवा परदेशी उतरवता यायचा, कारण मागे भारतीय आधार होता. आता ओडेई नव्वद मिनिटं बांधलेला, बाजूला निम दोर्जी. ओडेईला काही झालं तर कार्ल मागे सरकतो. तो सेंटर बॅक खेळू शकतो, प्रश्न तो नाही. पण मग बचाव फळीच्या पुढ्यातली जागा, जिथे तो एरवी हेडरनंतर सुटलेला चेंडू उचलतो, ती मोकळी पडते. तिथे रेत्रे आणला तर बोर्हा, नोआ, कार्लोस या तिघांतला एक बाकावर जातो. म्हणजे मागच्या एका भारतीयाच्या दुखापतीची किंमत पुढच्या गोलात मोजावी लागते. मानोलो मार्केझसारख्या प्रशिक्षकालाही हे गणित सोडवताना हात आखडतो.

म्हणून अंधेरी_लोकल, तुम्ही सांगितलेला मध्यंतराचा बदल दिसतो तेवढा मोकळा नाही.

अंधेरी_लोकल

मुद्दा मान्य, परदेशी-भारतीय फरक मी धरला नव्हता. तरी मधल्या फळीत बोर्जेस आणि ब्रँडन दोघं भारतीय आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या जागी ताज्या पायांचा भारतीय आणायला चारच्या मर्यादेची अडचण येत नाही.

फातोर्डेकर

रावणफोंड, जादा सामना महाग पडतो म्हणता, पण गेल्याच वर्षीचं बघा. मोहन बागान तिसरे, बेंगळुरू चौथे. दोघेही बाद फेरी खेळून आले आणि १८ मार्चला आपल्याच फातोर्ड्यात अंतिम सामना त्या दोघांत झाला. पहिली मुंबई आणि दुसरे हैदराबाद, दोघेही उपांत्य फेरीत घरी गेले. थेट उपांत्य फेरी म्हणजे चषक अर्धा हातात, असं काही नाही.

पेठेतला_हाफ यांनी सांगितलं त्यामुळे तर माझं मत पक्कं झालं. ओडेई एकटाच मागचा आधार असेल तर सातही सामने त्याला पूर्ण खेळवून एप्रिल गाठायचा का?

रावणफोंड

मुंबई आणि हैदराबाद दोघेही पेनल्टीवर हरले. दोन शूटआउटवरून नियम काढू नका.

ओडेईबद्दल मात्र बरोबर बोललात. त्यासाठी वेळापत्रक वाचा. बुधवारनंतर ६ मार्चला घरी ईस्ट बंगाल, म्हणजे मध्ये पूर्ण आठवडा. मग दिल्लीत पंजाब, १४ला घरी बेंगळुरू. त्यापुढे भारत-अफगाणिस्तान सामन्यांची सुट्टी, थेट एप्रिल. एप्रिलमध्ये घरी हैदराबाद आणि चेन्नईयिन, बाहेर जमशेदपूर. सातपैकी चार सामने फातोर्ड्यात. विश्रांती द्यायची ती दिल्लीच्या सामन्यात द्या. तो ईस्ट बंगाल आणि बेंगळुरूच्या मधोमध अडकलाय, प्रवासही लांबचा. अंधेरीत नको, कारण मुंबई वरच्या जागांसाठी आपल्यासोबतच भांडतेय. तिथे आपण जिंकलो तर त्यांचेही तीन बुडतात.

सावंतवाडीकर

मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी आहे. बाद फेरीपर्यंत झिंगनला कसंही उभं करा, इंजेक्शन द्या, अशी भाषा सगळीकडे ऐकू येतेय. कृपा करून नको. वेदना बंद झाली म्हणजे गुडघा बरा झाला असं होत नाही. आधी सूज पूर्ण उतरावी लागते, मग पाय शेवटपर्यंत सरळ व्हायला हवा, मग मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्क्यांवर यावी लागते. त्यानंतर सरळ धावणं, त्यानंतर वळणं आणि एका पायावर उडी मारून उतरणं, आणि सगळ्यात शेवटी धक्काबुक्कीचा सराव. सेंटर बॅक दर सामन्यात हेडरला उडी मारून एका पायावर उतरतो आणि उतरता उतरता वळतो. यातली एक पायरी गाळली तर गुडघा नेमका त्याच क्षणी दगा देतो. पुढचा मोसमही जातो.

झिंगन यंदा नाही, असं धरूनच बोलू या. निम दोर्जीला सलग सामने मिळू द्या. जोडी जमायला चार-पाच सामने लागतातच, कोण हेडरला जाणार आणि कोण मागे झाकणार हे एकमेकांकडे न बघता कळायला हवं. दर आठवड्याला जोडी बदलली तर ते कधीच जमत नाही. म्हणून फातोर्डेकर, फेरबदल करायचे तर पुढच्या फळीत करा, मागे हात लावू नका.

फातोर्डेकर

हे पटलं. ओडेई आणि दोर्जी कायम, बाजूला सेरिटन आणि पुण्याचा जय गुप्ता. पण पुढच्या तिघांबद्दल मी साठ मिनिटांवर ठाम आहे. बोरिस आणि उदांता यांचा वेग कशासाठी ठेवलाय? दमलेल्या फुलबॅकसमोर शेवटची तीस मिनिटं त्यांच्यासारखं कोणी नाही.

रावणफोंड

कार्लोससाठी साठ मिनिटं कबूल. नोआसाठी नाही. तो उजव्या पायाने डावीकडून आत येतो म्हणून समोरच्याला दोन माणसं तिकडे ठेवावी लागतात. तो बाहेर गेला की त्यातला एक मोकळा होतो आणि आपल्याच बचावावर चालून येतो. अंधेरीत साठाव्या मिनिटाला बरोबरी असेल तर कार्लोसला काढून रेत्रे आणा, ब्रँडनला थोडं पुढे सरकवा, नोआ मैदानावर राहू द्या. आघाडी असेल तर ब्रँडनला काढा आणि कार्लसोबत दुसरा बचावात्मक मिडफिल्डर ठेवा. मागे पडलो असू तर उदांता साठ नाही, पंचावन्नलाच हवा.

पेठेतला_हाफ

यातल्या बरोबरीच्या वेळेला ओडेई, कार्ल, नोआ यांच्यात रेत्रे आला की परदेशी चार राहतात, कारण कार्लोस गेलेला असतो. इथवर ठीक. पण त्यानंतर ओडेई लंगडला तर बाकावर एकटा बोर्हा परदेशी उरतो, तो मागे खेळत नाही. म्हणून एक भारतीय सेंटर बॅक बाकावर असलाच पाहिजे, आणि तिसरी संधी ऐंशीव्या मिनिटापर्यंत वापरायची नाही.