ऑफर पाठवताच नकार येतो; ऑनलाइन विक्रेत्याशी भाव नेमका कसा करावा?

शोधयात्री

एक वापरलेला लॅपटॉप आणि जमल्यास कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स घ्यायची आहे. ईबेसारख्या ‘ऑफर पाठवा’ बटण असणाऱ्या साइटवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर, दोन्हीकडे पाहतोय. लिस्टिंगवरच्या किमतीच्या ७० टक्के ऑफर पाठवली की दोन-चार सेकंदांत नकार येतो. एवढ्या वेळात कोणी वाचतही नसेल. आणि जिथे बटण नाही तिथे “शेवटचे किती?” विचारलं की बहुतेकांचं उत्तरच येत नाही.

सुरुवात कितीपासून करावी, कारण काय द्यावं, किती वेळा वर-खाली करावं आणि कुठे थांबावं, हे आकड्यांसकट समजून घ्यायचं आहे. सोयीसाठी लिस्टिंगची किंमत १०० धरा.

हिशेबी

सेकंदांत येणारा नकार माणसाचा नसतो. ईबेवर लिस्टिंग टाकताना विक्रेता दोन आकडे भरून ठेवू शकतो. एकाच्या खाली ऑफर आली की आपोआप नकार, दुसऱ्याच्या वर गेली की आपोआप होकार. तुमचे ७० पहिल्या आकड्याच्या खाली पडतात. ८० ला लगेच नकार न येता शांतता असेल, तर तळ ७० आणि ८० च्या मध्ये आहे आणि तुमची ऑफर विक्रेत्यापुढे विचारासाठी पडून आहे. पण हा तळ चाचपण्यासाठी ऑफर उधळू नका. एका वस्तूवर एका खरेदीदाराला मोजक्याच ऑफर करता येतात. त्या संपल्या की पूर्ण किंमत द्या किंवा सोडून द्या, एवढंच उरतं. ऑफर साधारण एक-दोन दिवस खुली राहते, त्यामुळे उत्तर नाही म्हणून दोन तासांत आकडा वाढवायचीही घाई नको.

“किती टक्क्यांपासून” हा प्रश्नच बाजूला ठेवा. लिस्टिंगची किंमत ही विक्रेत्याची इच्छा आहे. एकाने बाजारभावाच्या वर ३० टक्के लावलेले असतात, दुसऱ्याने आधीच घासून लिहिलेलं असतं. दोघांना ८० टक्के सांगणं म्हणजे पहिल्याला जास्त देणं आणि दुसऱ्याला दुखावणं. आधी बाजारभाव काढा. ईबेच्या शोधात ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावला की मागच्या ९० दिवसांत खरोखर विकलेल्या वस्तू दिसतात. त्यातून तेच मॉडेल, तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम आणि स्टोरेज असलेल्या दहा-बारा निवडा. ‘फक्त सुट्या भागांसाठी’ लिहिलेल्या वगळा, सोबत डॉक (लॅपटॉपला जोडायची जादा उपकरणाची पेटी) किंवा बॅग दिलेल्याही वगळा. उरलेल्या किमती चढत्या क्रमाने मांडून मधली घ्या. सरासरी नको, कारण एखादी अवाच्या सवा किंमत ती वर ओढते. एक खाच लक्षात ठेवा. ऑफर स्वीकारून विकलेल्या वस्तूची किंमत तिथे खोडलेली दिसते आणि खरा सौदा कितीला झाला ते कळत नाही. अशा नोंदी जास्त असतील तर खरा भाव तुमच्या मधल्या आकड्याच्या थोडा खाली आहे.

आता विक्रेत्याच्या बाजूचा हिशेब. तो केल्याशिवाय त्याची अडचण कळत नाही. समजा किंमत १००, पाठवणी त्यातच धरलेली. कमिशन १३ टक्के, कुरिअर ८, खोका आणि बबल रॅप २. विक्रेत्याच्या हातात पडतात ७७. तुम्ही ९० दिलेत तर कमिशन ११.७, बाकी खर्च तेच १०, हातात ६८.३. म्हणजे तुम्ही किंमत १० टक्के कमी केलीत, त्याची हातातली रक्कम ११ टक्क्यांहून जास्त घटली. ८० दिलेत तर हातात ५९.६, घट जवळपास २३ टक्के. कुरिअर आणि खोक्याचा खर्च तुमच्या सवलतीबरोबर कमी होत नाही. म्हणून छोट्या, स्वस्त वस्तूवर भाव फारसा तुटत नाही, तिथे पाठवणीच किमतीचा मोठा हिस्सा खाते.

याच हिशेबातून भाव कमी करण्याची खरी जागा सापडते. साइटवर ‘स्वतः येऊन घ्या’ हा पर्याय दिलेला असेल, तर कुरिअर आणि पॅकिंगचे १० वाचतात. मग ८८.५ च्या ऑफरमध्ये कमिशन जाऊनही विक्रेत्याच्या हातात तेच ७७ राहतात. तुम्हाला साडेअकरा टक्के सवलत आणि त्याचं नुकसान शून्य. तसंच एकाच विक्रेत्याकडून दोन वस्तू घेतल्या तर एक खोका आणि एक कुरिअर वाचतं. हे संदेशात लिहा: “दोन्ही एकत्र पाठवाल, तर एका पार्सलचा खर्च वाचेल, तो धरून एवढे देतो.” लॅपटॉप आणि लेन्स एकाच विक्रेत्याकडे मिळणं अवघड आहे, पण लेन्ससोबत त्याच्याकडे फिल्टर किंवा बॅटरी आहे का ते नक्की बघा.

कमिशन साइटगणिक बदलतं. एट्सीवर (हस्तकलेच्या आणि जुन्या वस्तूंची साइट) एप्रिल २०२२ पासून व्यवहार शुल्क ६.५ टक्के आहे, तेही पाठवणीच्या रकमेसकट. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. विंटेडवर (वापरलेले कपडे आणि वस्तू विकण्याची साइट) विक्रेत्याकडून विक्रीचं कमिशन घेत नाहीत, पण खरेदीदाराला संरक्षण शुल्क वेगळं पडतं. तिथे भाव करताना आपल्या खिशातून एकूण किती जाणार ते आधी बेरीज करून बघा.

भिंगवाला

हिशेबी यांचं गणित पक्कं आहे. मी कारणांबद्दल लिहितो, कारण “कमी करा ना” याला कोणाकडे उत्तर नसतं.

नियम एकच धरा: लिस्टिंगमध्ये लिहिलेला दोष हे भाव पाडण्याचं कारण नाही. “कडेला ओरखडा आहे” असं विक्रेत्याने स्वतः लिहिलं असेल, तर किंमत तो धरूनच लावली आहे. तोच ओरखडा पुन्हा दाखवला की चांगला विक्रेता गप्प होतो. न लिहिलेली, न तपासलेली गोष्ट विचारा आणि उत्तर आल्यावर आकडा सांगा.

लॅपटॉपसाठी बॅटरी आधी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३६,००० असेल तर बॅटरी ७२ टक्के उरली. त्याचा स्क्रीनशॉट मागा. बदलायची वेळ आली असेल, तर नव्या बॅटरीची आणि बसवण्याची किंमत शोधून ती बाजारभावातून वजा करा. पूर्ण वजा करा असं मात्र म्हणणार नाही. ज्या दहा-बारा विक्री तुम्ही पाहिल्यात, त्यांच्याही बॅटऱ्या नव्या नव्हत्या. साधारण निम्मी वजावट रास्त वाटते आणि ती मान्यही होते. एसएसडीचं (लॅपटॉपमधल्या साठवणीच्या चकतीऐवजीच्या चिपचं) आरोग्य दाखवणारा स्क्रीनशॉट, स्क्रीनवर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा रंग ठेवून काढलेले फोटो, मूळ चार्जर आहे का आणि किती वॅटचा, हेही विचारा. कमी वॅटचा दुसराच चार्जर दिलेला असतो तेव्हा लॅपटॉप चालतो, पण जोर लावला की बॅटरी उतरत जाते.

लेन्सचं वेगळं. समोरून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही. दोन्ही टोकांची झाकणं काढून, मागून टॉर्च मारून, समोरून थोडा तिरका फोटो मागा. बुरशी जाळ्यासारखी दिसते, धुरकटपणा सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. दोन-चार धुळीचे कण असणारच, त्यावरून भाव करू नका. बुरशी असेल तर कितीही स्वस्त झाली तरी मी घेऊ नका म्हणेन. साफ केल्यावरही काचेवरच्या लेपावर डाग राहू शकतात. अॅपर्चरची (लेन्समध्ये उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) पाती तेलकट असतील तर ती चिकटतात, फोटोला उजेड कमी-जास्त होतो. दुरुस्तीसाठी लेन्स उघडावी लागते, म्हणून ती वजावट मोठी असते. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) चालतात का, याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरे.

फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ऑफर खाली आणू नका, लिस्टिंग सोडा. न दाखवलेल्या दोषाची किंमत कोणालाच ठरवता येत नाही.

शोधयात्री

फार उपयोगी. हिशेबी, तुमच्या पद्धतीने लॅपटॉपचा बाजारभाव ८८ निघतो, लिस्टिंग १०० ला आहे. मग पहिला आकडा कोणता? आणि फेसबुकवर संदेश कसा लिहावा?

मधली_वाट

विकणाऱ्यांच्या बाजूने बघू. लोकप्रिय वस्तूवर पहिल्या दिवशी “आहे का?”, “शेवटचे किती?” असे ढीगभर संदेश येतात. त्यातल्या कुणाला वस्तू खरंच हवी आहे हे ओळखायला विक्रेत्याकडे काही साधन नसतं. “शेवटचे किती?” विचारणारा स्वतः काहीच पणाला लावत नाही आणि विक्रेत्याने मात्र आपला तळ उघडा करावा अशी अपेक्षा धरतो. म्हणून उत्तर येत नाही. आकडा आधी तुम्हीच सांगायचा, त्याला एक कारण जोडायचं आणि पैसे कधी, वस्तू कधी हे लिहायचं. असं काहीसं:

“नमस्कार. लॅपटॉप पाहिला, बॅटरी रिपोर्टबद्दल आभार. याच मॉडेलचे अलीकडचे सौदे ८८ च्या आसपास झालेत आणि बॅटरी ७२ टक्के आहे, म्हणून ८२ देऊ शकतो. मान्य असेल तर शनिवारी सकाळी येऊन, चालू करून पाहून, तिथेच पैसे देतो.”

चार वाक्यं पुरतात. स्वतःची हलाखी, विद्यार्थी असणं, घरच्यांची परवानगी, यातलं काही लिहू नका; आणि “यापेक्षा स्वस्त दुसरीकडे आहे” हेही नको. त्यावर सहज येणारं उत्तर “मग तिथून घ्या” हेच असतं.

बाजारभाव ८८ आणि बॅटरीची निम्मी वजावट समजा ३, म्हणजे तुमची कमाल ८५. ती कागदावर लिहून ठेवा. पहिली ऑफर ८०-८२. विक्रेता ९४ म्हणाला तर ८४ वर या, तो ९० वर आला तर ८५ आणि तिथेच थांबा. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा लहान हवी. ८० वरून ८६, मग ९२ अशा सारख्या उड्या मारल्या, तर अजून बरंच शिल्लक आहे असं समोरच्याला वाटतं आणि तो थांबून राहतो. तीन फेऱ्यांत जमलं नाही तर “८५ माझी मर्यादा आहे, आठवडाभरात विकला गेला नाही तर कळवा” असं लिहून निघा. हे खरं असेल तरच लिहा. पंधरा-वीस दिवस पडून राहिलेल्या लिस्टिंगवर अशा संदेशांना उत्तरं येतात. पहिल्याच दिवशी सौदा करायला तयार होणारे कमी. त्यामुळे लिस्टिंग कधीची आहे आणि किंमत आधी उतरवली आहे का, हे संदेशाआधी बघून घ्यावं.

एकदा ठरलेला भाव दारात जाऊन पुन्हा तोडू नका. न सांगितलेला दोष निघाला तर जरूर बोला, नाहीतर घ्यायचं नाही म्हणा. पण सगळं ठरल्याप्रमाणे असताना “सुटे एवढेच आहेत” म्हणणं ही दुसऱ्याच्या वेळेची लूट आहे. तसंच, पार्सल मिळाल्यावर “थोडे पैसे परत करा, नाहीतर वाईट शेरा देईन” असं लिहिणं ईबेच्या नियमांतही बसत नाही. दोष असेल तर साइटची परताव्याची रीतसर वाट धरा.

हिशेबी

मधली_वाट यांच्या आकड्यांशी सहमत. फक्त ईबेवर ८० ऐवजी थेट ८२-८३ पाठवा, नाहीतर पुन्हा आपोआप नकार येऊन एक ऑफर वाया जाईल. शिवाय तिथे ऑफर स्वीकारली गेली की तुम्ही बांधील असता. म्हणून पाच विक्रेत्यांना एकदम ऑफर पाठवून बघू नका. दोघांनी होकार दिला तर दोन लॅपटॉप घ्यावे लागतील. एकाला पाठवा, उत्तर किंवा मुदत येऊ द्या, मग पुढचा.

न मागताही सवलत येते, तेही सांगतो. ईबेवर वस्तू ‘वॉच’ यादीत टाकली की विक्रेता तिथल्या लोकांना स्वतःहून ऑफर पाठवू शकतो. एट्सीवर वस्तू आवडती म्हणून ठेवणाऱ्यांना किंवा कार्टमध्ये टाकून थांबलेल्यांना दुकानदार कूपन पाठवू शकतो. घाई नसेल तर यादीत टाकून तीन-चार दिवस थांबा, मग स्वतःची ऑफर करा. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी ठरलेल्या किमतीवर बोलणी होत नाहीत. तिथे कीपा किंवा कॅमलकॅमलकॅमल या किमतींवर नजर ठेवणाऱ्या साइटवर किमतीचा जुना आलेख बघून खालच्या भावाचा इशारा लावून ठेवणं एवढंच हातात आहे.

भिंगवाला

एक राहिलं. “साइटबाहेर पैसे दिलेत तर १० टक्के कमी करतो” असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ते १० टक्के म्हणजे साइटचं कमिशन आणि त्याबरोबर तुमचं संरक्षणही जातं. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ (मित्र-नातेवाइकांना पाठवलेले) म्हणून पाठवलेल्या पैशांना खरेदी संरक्षण लागू होत नाही, आणि अशीच मागणी करणारे बरेच असतात. बाजारभाव ८८ असताना नव्यासारखा लॅपटॉप ५० ला दिसला, फोटो एखाद्या जाहिरातीतले असले आणि आगाऊ रक्कम मागितली, तर तिथे घासाघीस करायचीच नाही. आजची तारीख लिहिलेला कागद लॅपटॉपजवळ ठेवून फोटो मागा. आला नाही तर लिस्टिंगची तक्रार करा.