मदत हवी आहे: मुलीला चर्चच्या ब्लॅक कॉलेजात प्रवेश, 1 मेच्या आत ठरवायचंय

रेवाची_आई:
लेकीला इथं अमेरिकेत एचबीसीयूत, म्हणजे मूळ काळ्या लोकांसाठी निघालेल्या कॉलेजात, प्रवेश मिळालाय. कॉलेज चर्चचं आहे. सासरे साताऱ्याहून रोज फोन करतात, "पोरगी बाटेल." नवरा म्हणतो, आपण ना ब्लॅक ना ख्रिश्चन, तिला तिथं घेतलंच कसं? तिनं पत्र फ्रिजवर चिकटवलंय, दूध काढताना रोज दिसतं. कुणाची मुलं अशा ठिकाणी शिकलीत का? लवकर सांगा.

विश्वासकाका:
कॉलेज कुठलं? कोर्स कुठला? चर्च म्हणजे काही एकच नाही. या ब्लॅक कॉलेजांतच बघा, शॉ बॅप्टिस्ट पंथाचं, क्लॅफ्लिन मेथडिस्ट पंथाचं, विल्बरफोर्स एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चचं.

ह्यूस्टनकर:
व्हिसा कुठला ते आधी सांगा. एच-4 (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर मुलांना मिळतो तो) असेल तर फीसाठी सरकारची फेडरल मदत मिळत नाही, आणि वयाची 21 पूर्ण व्हायच्या आत एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून घ्यावा लागेल.

रेवाची_आई:
एच-4च आहे, पण मी व्हिसाचं विचारलेलं नाही! न्यू ऑर्लिन्सचं झेव्हियर. बायोलॉजी, पुढे मेडिकल.

माहीमकर:
मग काळजीच नको. झेव्हियर म्हणजे जेझुइट, शाळा-कॉलेजं चालवणारा कॅथलिक पाद्र्यांचा संघ. मी मुंबईच्या झेव्हियर्सला पाच वर्षं काढली, कुणी बायबल हातात दिलं नाही.

विश्वासकाका:
जेझुइट नाही हो. नाव त्याच संताचं, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे, पण कॉलेज काढलं कॅथरीन ड्रेक्सेल या कॅथलिक जोगिणीनं, म्हणजे नननं. फिलाडेल्फियाच्या बँकरची मुलगी. वारशाचा पैसा काळ्या आणि आदिवासी मुलांच्या शाळांत घातला. 1915ला शाळा, 1925ला कॉलेज. एचबीसीयूंमध्ये कॅथलिक एवढं एकच. तिथून मेडिकलला जाणाऱ्या काळ्या मुलांची संख्या देशात नावाजलेली आहे. ताई, मेडिकल करायचं तर जागा उत्तम आहे.

स्नेहल_अटलांटा:
"घेतलंच कसं" याचं उत्तर: एचबीसीयू म्हणजे 1964च्या आधी काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी निघालेली संस्था. प्रवेश सगळ्यांना असतो. आज या कॉलेजांतली साधारण चौथा हिस्सा मुलं काळी नाहीत.

पुणेरी_मावशी:
माझा भाचा हंट्सव्हिलच्या ओकवूडला होता. सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, आपल्या पुण्यातल्या औंध रोडच्या स्पायसर कॉलेजच्याच ख्रिस्ती पंथाचं. शनिवार पाळतात, चॅपलला, म्हणजे प्रार्थनेला, हजेरी लागते. भाचा आजही गणपती बसवतो. तुम्हीही तिला ओकवूडलाच घाला.

ह्यूस्टनकर:
मावशी, तिथं तिनं अर्जच केलेला नाही.

सत्यशोधक_सांगली:
सासऱ्यांना सांगा, 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केली.

माहीमकर:
शेवटी मिशनरीच ना पण. शाळा काढायची आणि माणसं ओढायची, सगळीकडे तेच.

स्नेहल_अटलांटा:
माफ करा, सरसकट तसं नाही. विल्बरफोर्स 1863ला एएमईनं विकत घेतलं, ते काळ्या लोकांनी स्वतः उभं केलेलं चर्च. दक्षिणेत कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. गुलामी संपली तेव्हा या लोकांकडे हक्काची इमारत म्हणून बहुतेक ठिकाणी चर्चच होतं. आमच्या अटलांटाचं स्पेलमन 1881ला फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालं, अकरा विद्यार्थिनींवर. हे ठाऊक असेल तर 'ओढायची' म्हणताना जीभ अडखळते.

विश्वासकाका:
ताई, एक करा. थिऑलॉजीचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, पेपर सक्तीचा आहे का, चॅपलला हजेरी लागते का, हे अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून लेखी मागवा. पेपर असला तरी तो अभ्यास असतो, बाप्तिस्मा नव्हे.

रेवाची_आई:
आत्ताच मेल केला. एच-4चं सांगितल्याबद्दलही आभार, नवऱ्याला दाखवलं. सासऱ्यांना फोनवर तळघराची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अकराच होत्या?" उद्या परत करते त्यांना फोन.

पुणेरी_मावशी:
होस्टेलला कुकर चालतो का तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.