"चौदा वर्षांच्या मुलीने कोरोनाचं औषध शोधलं": अहो, शोधलं नाही!

लश्करकर:
काल कुणीतरी टाकलंय की १४ वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलीने कोरोनाचं औषध शोधलं आणि आपली ग्वाल्हेरची पोरं रील्स बघत बसलीत. राहवलं नाही म्हणून लिहितोय. मुलगी टेक्सासची, २०२० चं थ्रीएम यंग सायंटिस्ट चॅलेंज, म्हणजे अमेरिकेतली शाळकरी मुलांची विज्ञान स्पर्धा, जिंकली, २५ हजार डॉलर मिळाले, सगळं खरं. पण तिने कॉम्प्युटरवर डॉकिंग करून (कुठला रेणू प्रोटीनला कसा चिकटेल याचा अंदाज काढून) विषाणूच्या स्पाइक प्रोटीनला, म्हणजे त्याच्या अंगावरच्या काट्यांना, चिकटू शकेल असा एक रेणू हुडकला, बस. स्क्रीनवर चिकटलेला पेशींवर चालेलच असं नाही आणि पेशींवर चालला तरी माणसाला चालेल असंही नाही. औषध कंपनीत १९ वर्षं काढलीत मी, झकास दिसणारे कितीतरी रेणू पहिल्याच टेस्टला पडलेले पाहिलेत.

शुभदा, जीवाजीगंज:
दादा, मथळा बातमीवाल्यांचा, राग मुलीवर का? आधी ती फ्लूवर काम करत होती, साथ आल्यावर कोरोनाकडे वळली. त्या वयात हे सुचणं कमी आहे का?

लश्करकर:
मुलीवर नाही हो, तुलना करणाऱ्यांवर आहे.

मुरारचे काका:
तुलना करायची तर शाळेच्या लॅबची करा ना! गावात डीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची प्रयोगशाळा, आहे, डेंग्यू ओळखायच्या किट तिथे तयार झाल्या, आणि माझा मुलगा होता त्या शाळेत बायोच्या लॅबला दोन वर्षं कुलूप. वही दुसऱ्याची बघून उतरवली, प्रॅक्टिकलला ३० पैकी २९. आता तर डमी ॲडमिशन, म्हणजे शाळेत नुसतं नाव, घेऊन सगळे कोचिंगला, शाळेचं तोंडही बघत नाहीत.

शुभदा, जीवाजीगंज:
काका, कोचिंगला पाठवतं कोण? आपणच. आणि डॉकिंगला लॅब लागतच नाही, 'ऑटोडॉक विना' नावाचं डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट, प्रोटीनच्या रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट. माझी भाची अकरावीत आहे, घरच्या जुन्या लॅपटॉपवर करते.

मुरारचे काका:
लॅपटॉप आहे म्हणून करते! माझ्या घरी एक फोन होता आणि दोन मुलं, लॉकडाऊनमध्ये एकाचा क्लास सुरू झाला की दुसरा रडायचा. फुकट फुकट काय बोलून राहिलात?

शुभदा, जीवाजीगंज:
आवाज चढवू नका. फोनचं मान्य. पण कुलूप उघडा म्हणून आपल्यापैकी एक तरी पालक प्रिन्सिपलकडे गेला का?

मुरारचे काका:
मी गेलो होतो. एकटाच.

लश्करकर:
काका, पुढच्या वेळी मला फोन करा, मी येतो. शुभदाताई, डॉकिंगला लॅब लागत नाही हे बरोबर, तेवढं मान्य. भाचीला रविवारी पाठवा. ते 'विना' सॉफ्टवेअर उणे ९ असा स्कोअर दाखवतं (जितका जास्त उणे, तितकी घट्ट पकड असा अंदाज) तेव्हा काय समजायचं आणि काय नाही, ते सांगतो. पण वहीच्या पहिल्या पानावर "हे औषध नाही" असं आधी लिहायला लावीन.