तारा फुगतो की ग्रह आत पडतो?

कुतूहल_७: सूर्य ५ अब्ज वर्षांनी तांबडा राक्षसी होऊन बुध-शुक्र गिळेल, हे ठाऊक आहे. पण गरुड तारकासमूहातल्या झेडटीएफ एसएलआरएन-२०२० (ताऱ्याने ग्रह गिळल्याची घटना) चा तारा फुगलाच नव्हता म्हणतात. मग ग्रह आत गेला कसा? आणि असं काही ८ इंची दुर्बिणीतून मोजता येईल का?

भरतीबल: मे २०२० मध्ये हा तारा १० दिवसांत १०० पटींहून जास्त उजळला. २०२३ च्या शोधनिबंधात ताऱ्याच्या फुगण्यावर भर होता. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं २०२५ मध्ये आली, तेव्हा राक्षसी ताऱ्याकडून अपेक्षित तेवढं अवरक्त (इन्फ्रारेड) तेज दिसलं नाही. मग उरतं भरतीबल.

मोठा ग्रह ताऱ्यावर फुगवटा उठवतो. ताऱ्याच्या स्वतःभोवतीच्या गतीपेक्षा ग्रहाची प्रदक्षिणा जलद असेल, तर हा फुगवटा मागे रेंगाळतो आणि ग्रहाला मागे ओढतो. ग्रहाचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) ताऱ्याकडे जातो, कक्षा आक्रसते. (चंद्राचं नेमकं उलट, म्हणून तो वर्षाला ३.८ सेंमी लांब सरकतो.) शेवटी ग्रह ताऱ्याच्या वातावरणात घासतो, वायू बाहेर फेकला जातो आणि तो निवून त्याची धूळ होते. अवरक्तातली वाढ दृश्य प्रकाशाच्या काही महिने आधी दिसली ती त्यामुळेच.

अधिक्रमण_वेध: मोजता येतं. सारथी तारकासमूहातला वास्प-१२ हा तारा घ्या: तेजस्वितेची प्रत ११.७, अधिक्रमण (ग्रह ताऱ्यासमोरून जाणं) सुमारे ३ तास, तेव्हा प्रकाशातली घट १.४ टक्के. त्याचा ग्रह वास्प-१२बी चा आवर्तकाल १.०९ दिवस असून तो वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो. फरक कालाच्या वर्गाने साचतो, त्यामुळे १० वर्षांत अधिक्रमण ८ मिनिटं लवकर येतं.

गडबड होते ती वेळेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून प्रकाश ८ मिनिटांपर्यंत आधी-नंतर पोचतो, म्हणजे दुरुस्ती विसरलात तर शोधतोय तेवढीच चूक! वेळा बॅरिसेंट्रिक (बीजेडी-टीडीबी), म्हणजे सौरमालेच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवलेल्या, करूनच तुलना करा, संगणकाचं घड्याळ जीपीएसशी जुळवा. अधिक्रमणांचं वेळापत्रकही जुनं, २००८ च्या आसपासच्या निरीक्षणांवरचं हवं. ताज्या निरीक्षणांना जुळवून घेतलेल्या वेळापत्रकात हा फरक गिळला जातो.

भरतीबल: एक भर. अधिक्रमणं लवकर आली एवढ्यावर कक्षा आक्रसतेय म्हणू नका, लंबवर्तुळाकार कक्षेचा अक्ष फिरला तरी तसंच दिसतं. ग्रह ताऱ्यामागे लपतो त्या पिधानांच्या वेळा बघा. अक्ष फिरत असेल तर त्या उलट दिशेला सरकतात. वास्प-१२बी ची पिधानंही लवकर येतात. पिधानावेळची प्रकाशातली घट इतकी बारीक की स्पिट्झरसारख्या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवर विसंबावं लागतं. ८ इंचीत जमणार नाही.