शब्दचर्चा : ‘सातत्य’ नेमके कशाचे म्हणायचे?

प्रश्न (कनिष्ठ महाविद्यालयातील गणिताचे शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

आमच्या मुली शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळतात. त्या निमित्ताने अकरावीचा वर्ग बेसबॉलच्या आकडेवारीवर भित्तिपत्रक तयार करीत आहे. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोजच खेळतो. त्यामुळे एखादा फलंदाज दररोज सारखाच खेळतो की चार दिवस तळपून पुढचे चार दिवस थंडावतो, हे तपासण्यास भरपूर आकडे हाताशी येतात. विद्यार्थ्यांनी दर सामन्यातील हिटच्या (चेंडू टोलवून फलंदाज सुखरूप तळावर पोहोचणे म्हणजे हिट) संख्येचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, काढले आणि त्या रकान्याला ‘सातत्य’ असे शीर्षक दिले. आकडा मोठा तेवढे सातत्य कमी, म्हणजे शीर्षक आणि आकडा परस्परविरोधी दिशांना जातात, ही अडचण लगेच लक्षात येते. परंतु ती दूर केली तरी हा शब्द येथे शोभतो का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

सर, शब्द बदलण्याची गरज मला तरी वाटत नाही. ‘त्याच्या फलंदाजीत सातत्य नाही’ हे वाक्य क्रीडापानावर नित्य छापले जाते आणि वाचकाला ते कळते.

प्रतिसाद २ (मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, वर्धा)

वाचकाला कळते हे खरे, पण काय कळते ते पाहावे लागेल. ‘सतत’पासून ‘सातत्य’ झाले, जसे ‘सुंदर’पासून ‘सौंदर्य’. ‘सतत’च्या मुळाशी ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे हा धातू आहे. तेव्हा सातत्याचा मूळ अर्थ खंड न पडणे हा होय. प्रत्येक दिवसाचे माप सारखे असावे, अशी अट त्या शब्दात नाही.

बेसबॉलमध्ये या मूळ अर्थाची दोन ठसठशीत उदाहरणे आहेत. बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा कॅल रिपकेन १९८२ ते १९९८ या काळात सलग २,६३२ सामने खेळला. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओने १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट मारला. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये ती मालिका तुटली आणि दुसऱ्याच दिवसापासून त्याने आणखी १६ सामन्यांची मालिका रचली. रिपकेनचे सातत्य हजेरीचे आहे, त्यात तो किती चांगला खेळला हे येतच नाही. डिमॅजिओचे सातत्य कामगिरीचे असले तरी एका दिवशी एक हिट आणि दुसऱ्या दिवशी चार, असे झाले तरी ते अबाधित राहते. दोघांनाही ‘सातत्य’ हा शब्द चपखल बसतो, आणि दोघांचेही माप प्रमाण विचलनाने निघत नाही.

दुसरे असे की, हा शब्द आपण गुणवाचक समजतो, पण ‘सातत्याने अपयशी ठरला’ असेही आपणच लिहितो. ख्रिस (Khris) डेव्हिस या फलंदाजाची सरासरी २०१५ ते २०१८ या चारही हंगामांत अगदी ०.२४७ होती. याला सातत्य म्हणण्यापेक्षा ‘एकसारखेपणा’ म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. शिवाय तो एकसारखेपणा हंगामाहंगामांतला आहे. त्यावरून एकाच हंगामातील रोजच्या खेळाविषयी काहीच ठरत नाही.

प्रतिसाद ३ (वाशीम जिल्हा)

ताईंच्या शेवटच्या वाक्याला आमच्याकडचा दाखला देतो. जून ते सप्टेंबरच्या पावसाने सरासरी गाठली असे छापून येते, पण मध्ये तीन आठवड्यांचा खंड पडलेला असतो आणि सोयाबीनची झडती, म्हणजे उतारा, त्या खंडावर ठरते. सरासरीच्या जोडीला वेगळा शब्द हवाच.

प्रतिसाद ४ (संख्याशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती)

प्रथम ‘सरासरी’विषयी थोडे. क्रिकेटमध्ये ती एकूण धावा भागिले बाद होण्याची संख्या अशी निघते. बेसबॉलमध्ये ती हिट भागिले फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या संधी असते, आणि त्या संधींत वॉक (चार चेंडू बाहेर पडल्याने फलंदाजाला मिळणारा पहिला तळ) धरत नाहीत. भित्तिपत्रकावर हे स्पष्ट लिहावे, नाहीतर ०.३०० ही उत्तम सरासरी आहे यावर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता मूळ मुद्दा. ०.३०० सरासरीच्या फलंदाजाला रोज चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीचा निकाल स्वतंत्र आहे, असे धरू. एकही हिट न मिळण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे २४ टक्के. याचा अर्थ त्याचा खेळ तसूभरही न बदलता १६२ पैकी सुमारे ३९ दिवस तो रिकाम्या हाताने परतेल. त्या दिवशी ‘लय हरवली’ आणि दोन हिट मारले की ‘सूर गवसला’ अशी वाक्ये लिहिली जातील. पण लय आणि सूर दोन्ही जागच्या जागी असतात, बदलतो तो केवळ योग.

त्याच गृहीतकावर त्याच्या रोजच्या हिटचे प्रमाण विचलन ०.९२ येते. ०.२५० सरासरीच्या फलंदाजाचे ०.८७ येते. म्हणजे सरांच्या रकान्यात कमी प्रतीचा फलंदाज अधिक ‘सातत्यपूर्ण’ ठरेल, आणि ज्याला कधीच हिट मिळत नाही तो सर्वश्रेष्ठ! विचलनाला रोजच्या सरासरी हिटने भागले तर क्रम उलटतो : पहिल्याचे ०.७६, दुसऱ्याचे ०.८७. परंतु तेथेही आपण बहुतांशी सरासरीच वेगळ्या वेशात मोजत असतो. म्हणून प्रत्यक्ष विचलन आणि निव्वळ योगायोगाने अपेक्षित असलेले विचलन शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहावा. हा फरक बहुधा लहान निघेल, आणि जो निघेल त्यातही समोरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, रोज बदलतो याचा वाटा असेल.

डिमॅजिओची मालिका याच कसोटीवर विलक्षण ठरते. त्या वर्षीची त्याची सरासरी ०.३५७ होती. रोज चार संधी धरल्या तर ५६ सामन्यांत नऊ-दहा दिवस तरी कोरडे जायला हवे होते.

पृच्छक

आपणा सर्वांचा आभारी आहे. सलग मालिकांच्या रकान्याला ‘सातत्य’ हे शीर्षक ठेवतो. प्रमाण विचलनाच्या रकान्यासाठी मात्र ताईंचा ‘एकसारखेपणा’ घेतला तरी दिशेची अडचण उरते, कारण विचलन वाढले की एकसारखेपणा घटतो. ‘अनियमितता’ कसा वाटतो?

प्रतिसाद २

‘अनियमितता’ नको. आपल्याकडे तो शब्द पाणलोटाच्या कामांतील आणि धान्य दुकानांतील गैरव्यवहारांसाठी इतका वापरला गेला आहे की, बिचाऱ्या खेळाडूवर चौकशी बसल्यासारखे वाटेल. ‘बेभरवशाचा’ हा सुंदर शब्द आहे, पण त्यात दोषारोप आहे, आणि वरील हिशेबानुसार दोष बहुधा खेळाडूचा नसतोच. ‘चढउतार’ घ्यावा. तो निंदा करीत नाही, स्तुतीही करीत नाही, आणि आकडा वाढला की चढउतारही वाढतात.

प्रतिसाद ४

सहमत आहे. मग दोन रकाने करावेत : ‘प्रत्यक्ष चढउतार’ आणि ‘अपेक्षित चढउतार’.